पायलटचे ‘उडण्याचे तास’ आणि ‘ड्युटीचे तास’

माझा भाचा एटीआर चालवतो. एटीआर म्हणजे सत्तरेक सीटचं, पंख्यांचं छोटं विमान, नांदेड-कोल्हापूरसारख्या टप्प्यांवर दिसतं ते. राहतो आमच्याच सोसायटीत, खारघरला. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना कुणीतरी त्याला विचारलं, “महिन्याला किती तास उडतोस रे?” तो म्हणाला, “पासष्ट-सत्तर.” झालं! सत्तर तास म्हणजे आमचा दीड आठवडा, असं म्हणून सगळे हसले.

हसले नाहीत ते फक्त तळमजल्यावरचे काका. रेल्वेतून मोटरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, “आणि साइन ऑन ते साइन ऑफ किती?” म्हणजे कामावर हजर झाल्यापासून मोकळं होईपर्यंत.

गोम तिथेच आहे. पायलटच्या कामाला दोन घड्याळं असतात. पहिलं उडण्याचं, म्हणजे ब्लॉक टाइम. चाकाखालचे ठोकळे काढून विमान हललं की ते सुरू होतं आणि पोहोचल्यावर विमान थांबून ठोकळे लागले की बंद पडतं. पायलट लोक त्याला ‘चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन’ म्हणतात. नाव उडण्याचं असलं तरी रनवेपर्यंत रांगेत सरकत जाण्याचा वेळही त्यात येतो. दुसरं घड्याळ ड्युटीचं. ते रिपोर्टिंगला सुरू होतं आणि शेवटच्या लँडिंगनंतर कागदपत्रं उरकली की संपतं.

भाच्याचा एक साधा दिवस घ्या. पहाटे 5:00 ला रिपोर्टिंग. मग ब्रीफिंग, हवामान, इंधनाचा आकडा, विमानाभोवती टॉर्च घेऊन फेरी. 6:00 ला चॉक्स ऑफ. एक तास दहा मिनिटांचे चार टप्पे आणि मधल्या तीन थांब्यांवर प्रत्येकी 40 मिनिटं. शेवटचं विमान 12:40 ला उभं राहतं आणि 1:10 ला तो मोकळा होतो. उडण्याचे तास 4:40, ड्युटी 8:10. आता तिसऱ्या टप्प्याआधी धुक्यामुळे अडीच तास बेवरच, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवरच, बसावं लागलं असं धरा. ड्युटी 10:40 होते, उडण्याचे तास 4:40 च राहतात. खारघरहून सांताक्रूझला पोहोचायला तो पावणेचारला घर सोडतो, तो वेळ दोन्ही घड्याळांत नाही.

लांब पल्ल्याच्या पायलटला हा फरक इतका बोचत नाही. एकदा उडाला की सात-आठ तास मीटर चालूच. छोट्या टप्प्यांवर मात्र दर तासाभराने मीटर बंद पडतं, आणि नेमकी तीच वेळ धावपळीची. प्रवासी उतरतात, चढतात, लोडशीट, म्हणजे वजनाचा हिशेब, येते, पुढच्या गावच्या ढगांची बातमी येते.

कोणतं घड्याळ कशासाठी, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. लॉगबुक उडण्याच्या तासांवर चालतं. आपल्याकडे कमर्शियल लायसन्सला 200 तास लागतात ते हेच. पगारातला तासांवर ठरणारा भागही बहुधा यावरच निघतो. ठरावीक तासांची हमी आणि त्यापुढे तासागणिक जादा पैसे, ही पद्धत सर्रास आहे. थकवा मात्र ड्युटीच्या घड्याळाने चढतो. म्हणून डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारी सरकारी यंत्रणा, दोन्हींना लगाम घालते. उडण्याचे तास 7 दिवसांत 35 आणि वर्षात 1000 च्या वर जाऊ शकत नाहीत. ड्युटीची मर्यादा वेगळी, आणि दिवसातले टप्पे वाढतील तशी ती आक्रसते.

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘पायलटांचे तास कमी केले’ असं फिरत होतं. वर्षाचे 1000 तास जिथल्या तिथे होते. बदलली होती दुसऱ्या घड्याळाची बाजू. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 झाली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली आणि रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंगना परवानगी उरली. नियम जाहीर झाले होते जानेवारी 2024 मध्येच. विश्रांतीचा भाग 1 जुलै 2025 पासून आणि रात्रीचा 1 नोव्हेंबरपासून लागू झाला. तेही पायलट संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यानंतर.

पण एक गोष्ट डीजीसीए करत नाही. बेवर बसलेल्या अडीच तासांचे पैसे कोण देणार, हे ती सांगत नाही. तो कराराचा विषय, आणि इथे युनियन येते. अमेरिकेतल्या रीजनल, म्हणजे छोट्या टप्प्यांवर विमानं चालवणाऱ्या, कंपन्यांच्या पायलटांनी हे चटके आधी सोसले. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून 50 जण गेले. चूक धोक्याच्या इशाऱ्याला कॅप्टनने दिलेल्या प्रतिसादाची ठरली, पण चौकशीत को-पायलटचा पगारही बाहेर आला. वर्षाला जेमतेम 16,000 डॉलर. घर सिएटलकडे, बेस नेवार्क, आणि ती रात्रभर प्रवास करून कामावर आलेली. त्यानंतर तिथे को-पायलटलाही उडण्याच्या 1500 तासांची अट आली, विश्रांतीचे नियम बदलले.

पगाराचं काम तिथल्या युनियननी सामूहिक करारांतून केलं. त्यांच्याकडे ‘रिग’ नावाचा प्रकार असतो. उदाहरणार्थ, ड्युटीच्या दर दोन तासांना किमान एक तासाचा पगार, विमान हलो न हलो. शिवाय दिवसाचे किमान तास, आणि प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी पाठवलं तर त्याचेही पैसे. सगळीकडे बाहेरची युनियन आहे असंही नाही. स्कायवेस्टसारख्या बड्या रीजनल कंपनीत पायलटांची घरचीच संघटना आहे. गंमत म्हणजे हे सगळं चालतं 1926 च्या रेल्वे कामगार कायद्याखाली, जो 1936 मध्ये विमान कंपन्यांना लावला गेला. काकांना हे सांगितलं तेव्हा ते भलतेच खूश झाले.

आपल्याकडे असे करार सरकारी एअर इंडियाच्या काळात होते. तिथल्या पायलटांच्या संघटनेचा, इंडियन पायलट्स गिल्डचा, 2012 चा संप 58 दिवस चालला आणि त्यात संघटनेची मान्यताच गेली. खासगीत 2009 साली जेट एअरवेजचे पायलट सामुदायिक आजारी रजेवर गेले, त्याचं मूळ युनियन काढणाऱ्यांना नोकरीवरून काढण्यात होतं. आज खासगी कंपनीतल्या पायलटच्या हातात असतं ते मुख्यतः नेमणूकपत्र. संघटना आहेत, त्या कोर्टात जातात, डीजीसीएला पत्रं लिहितात. रिग मागायला मात्र टेबलाच्या पलीकडे कुणी बसायला तरी हवं.

परवा भर पावसात भाच्याचा मेसेज आला. “मामा, बोर्डिंग झालंय, उडायचा स्लॉट नाही, दीड तास बेवर.” मी तो काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “म्हणजे स्टार्टर सिग्नल लाल आणि किलोमीटर शून्य.”