आइक्स रॅप २ : एका आवर्तनाचा प्रवास

‘आइक्स रॅप २’ ही अमेरिकन गायक-संगीतकार आयझॅक हेज (१९४२–२००८) यांची १९७१ मधील ध्वनिमुद्रित रचना. ‘ब्लॅक मोझेस’ या दुहेरी अल्बमात ती ‘हेल्प मी लव्ह’ या गाण्याच्या आधी येते. स्वतंत्र गाणे म्हणून ती फारशी कोणाला आठवत नाही. तिच्यातील काही सेकंदांचे एक आवर्तन मात्र पुढे तीन अगदी वेगळ्या गाण्यांचा पाया झाले. वातावरण उभे करणारे संगीत सॅम्पलिंगमध्ये इतके का वापरले जाते, हे या रचनेवरून चांगले कळते.

सॅम्पलिंग म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातला तुकडा जसाच्या तसा घेऊन नव्या गाण्यात बसवणे. चाल घेणे वेगळे. तिथे नवे वादक ती पुन्हा वाजवतात. सॅम्पलमध्ये मूळ वादकांचा हात, त्या स्टुडिओतला घुमारा आणि तबकडीची खरखरसुद्धा सोबत येते. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा फिरत राहतो आणि तबलजी त्यावर आपले सगळे मांडतो. सॅम्पलचे आवर्तन तेच काम करते, पण लेहरा दर वेळी नव्याने वाजतो आणि सॅम्पलमध्ये एकदाच वाजलेला क्षण पुन्हा पुन्हा येतो.

हेज हे अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या स्टॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीत आधी वादक आणि गीतकार होते. डेव्हिड पोर्टर यांच्यासह त्यांनी ‘सोल मॅन’सारखी गाणी लिहिली. मेम्फिसच्या क्लबात गप्पांत रमलेले श्रोते गाण्याकडे लक्ष देत नसत. तेव्हा त्यांनी साथीदारांना एकच स्वरसंघात (कॉर्ड) धरून ठेवायला सांगितले आणि त्यावर ते हळू आवाजात गोष्ट सांगू लागले. क्लब शांत झाला. १९६९ च्या ‘हॉट बटर्ड सोल’ अल्बममधले ‘बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स’ १८ मिनिटांहून मोठे आहे, आणि त्यात गाणे सुरू होण्यापूर्वी आठेक मिनिटे हे बोलणेच चालते. अशाच निवेदनांना पुढे ‘आइक्स रॅप’ असे नाव पडले. आइक हे आयझॅकचे लाडके रूप.

या निवेदनांची बांधणीच सॅम्पलकाराच्या सोयीची होती. बोलणारा आवाज ऐकू यावा म्हणून वाद्यांना मागे राहावे लागे. दुसऱ्या रॅपमध्ये बास एकेक पायरी उतरत जाते, वर तंतुवाद्यांचा पातळ पडदा असतो, लय संथ, आणि तेच पुन्हा. खर्जातला आवाज बाजूला ठेवला की उरते एक रिकामी, अंधारी खोली. माझ्या मते तुकड्याचे मोल चालीपेक्षा या मोकळ्या जागेत आहे.

ही जागा इंग्लंडच्या ब्रिस्टल परिसरातल्या दोघांना जवळजवळ एकाच वेळी सापडली. ऑगस्ट १९९४ मध्ये पोर्टिसहेड या गटाचा ‘डमी’ अल्बम आला. त्यातले शेवटचे गाणे ‘ग्लोरी बॉक्स’ याच आवर्तनावर उभे आहे. त्याच्या निर्मितीमागे असलेले जेफ बॅरो पूर्वी ब्रिस्टलच्या एका स्टुडिओत टेप-ऑपरेटर होते. हा गट स्वतःचे वादनही आधी तबकडीवर उतरवून घेई, त्या तबकड्या मुद्दाम झिजवी आणि मग त्यांतले तुकडे वापरी. त्यामुळे हेज यांचा जुना आवाज तिथे उपरा वाटत नाही. बेथ गिबन्स यांचा थकलेला, हट्टी स्वर त्यावर येतो आणि हेज यांच्या निवेदनातल्या पुरुषाच्या कबुलीजबाबाची जागा बाईची मागणी घेते. फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रिस्टलचेच रॅपर ट्रिकी यांचा ‘मॅक्सिनक्वे’ हा अल्बम आला. त्यातल्या ‘हेल इज राउंड द कॉर्नर’मध्ये तेच आवर्तन आहे, पण कुजबुजीने भरलेले. त्याच अल्बममधल्या ‘ब्लॅक स्टील’मध्ये ए. आर. रहमान यांच्या ‘रोजा’तल्या ‘रुक्मिणी’ गाण्याचा तुकडा आहे. मूळ ‘ब्लॅक स्टील’ पब्लिक एनिमी या अमेरिकन रॅप गटाचे, १९८८ चे, आणि त्या मूळ गाण्यातही हेज यांचेच एक सॅम्पल होते.

हक्कांचा प्रश्न इथे टाळता येत नाही. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने परवानगी न घेता सॅम्पल वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्की यांच्या विरोधात निकाल दिला, आणि परवानगीशिवाय सॅम्पल वापरणे अमेरिकेत धोक्याचे झाले. आपल्याकडच्या गाण्याबाबतही हे घडले आहे: लता मंगेशकर यांच्या ‘थोडा रेशम लगता है’चा तुकडा २००२ च्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकन गाण्यात वापरला गेला आणि संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव छापले जावे यासाठी न्यायालयात जावे लागले. हेज यांचे नाव ‘ग्लोरी बॉक्स’च्या गीतकारांत आहे. पण १९७६ मध्ये ते दिवाळखोरीत गेले आणि आपल्या जुन्या रचनांच्या रॉयल्टीचे हक्क त्यांनी गमावले. ज्याच्या मोकळ्या जागेवर इतक्यांनी घरे बांधली त्याच्या हाती भाडे येऊ नये, ही या कथेतली सर्वांत दुखरी गोष्ट आहे.

हेज यांच्या निधनानंतर सात वर्षांनी, २०१५ मध्ये, कॅनडाच्या ब्रॅम्प्टनमधील अलेशिया कारा यांचे ‘हियर’ हे पहिले गाणे आले. पार्टीच्या गोंगाटात कोपऱ्यात उभी असलेली, घरी जावेसे वाटणारी एक मुलगी त्यात बोलते. तिच्या मागे तीच बास उतरत जाते, जी मुळात मेम्फिसच्या गोंगाटाला गप्प करण्याच्या युक्तीतून आली होती.