ताणावरची गोडी

पिकलेला चेरी टोमॅटो चिमटीत दाबा, रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे रसाची गोडी मोजणाऱ्या नळीच्या, काचेवर सोडा आणि नळी उजेडाकडे धरून डोळा लावा. निळा भाग संपून पांढरा जिथे सुरू होतो, तो ब्रिक्सचा आकडा, म्हणजे रसात विरघळलेल्या घटकांची टक्केवारी. मोठ्या गोल टोमॅटोत तो साधारण 4 ते 5 भरतो, चांगल्या चेरी टोमॅटोत 8, क्वचित 10. म्हणजे गोड फळातही नव्वद टक्के पाणीच. या आकड्यात आम्लं आणि क्षारही येतात, पण मोठा वाटा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा. गोडी वाढवायची तर दोनच वाटा: फळात साखर जास्त जायला हवी, नाहीतर पाणी कमी.

साखर करतात पानं. कच्च्या फळाच्या देठाजवळचा गडद हिरवा भागही थोडी भर घालतो, आणि नेमका तिथेच माणसाने घोळ घातला. फळ सगळीकडून सारखं लाल व्हावं म्हणून हा हिरवा खांदा नसलेली झाडं पैदाशीसाठी निवडली गेली. 2012 मध्ये उलगडा झाला, की त्या निवडीत हरितलवकं, म्हणजे उन्हात साखर करणारे हिरवे कण, वाढवणारं एक जनुक निकामी झालं होतं. ते शाबूत असलेल्या फळात साखर जास्त भरते. टोमॅटोचा रानटी पूर्वज जेमतेम वाटाण्याएवढा. फळ मोठं करण्याच्या नादात गोडी मागे पडली. 2024 मध्ये चिनी संशोधकांनी फळातल्या साखरेला ब्रेक लावणारी दोन जनुकं शोधली. जनुक संपादनाने ती बंद केल्यावर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज 30 टक्क्यांपर्यंत वाढले, फळाचं वजन मात्र घटलं नाही.

तसं बियाणं बाजारात मिळेल तेव्हा मिळेल. तोवर पानं जपा. बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातला फुटवा, काढायची ती झाडात हवा खेळावी आणि जोर वाटला जाऊ नये म्हणून. पण त्या भरात घोसाभोवतीची निरोगी पानं ओरबाडणारे बरेच असतात, आणि मग फळं आंबट का, असं विचारतात. जमिनीला टेकणारी, पिवळी पडलेली पानं तेवढी काढा. जागा दिवसातले निदान सहा-सात तास थेट ऊन येईल अशी हवी. हरितगृह असेल तर आधी त्याचं छत धुवा. काचेवरची धूळ आणि शेवाळ ऊन खातात, म्हणजे पर्यायाने साखरच. आत उकाडाही साचू देऊ नका. पारा सतत 32 अंशांवर राहिला की फूलगळ होते आणि लाल रंगही नीट भरत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहतं.

बंद हरितगृहात आणखी एक अडचण असते. टोमॅटोच्या फुलात परागकोश जुळून एक सुळका झालेला असतो आणि पराग त्याच्या आत. उघड्यावर वारा किंवा भुंगे तो हलवतात. मधमाशीला ही कला येत नाही. बंबलबी ही मोठी केसाळ माशी मात्र फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवते आणि पराग झाडून घेते. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपातल्या हरितगृहांत त्यासाठी या माश्यांच्या पेट्या ठेवतात. घरच्या दोन-चार झाडांना इलेक्ट्रिक टूथब्रश पुरतो. सकाळी उशिरा, फूल कोरडं असताना, घोसाच्या देठाला तो क्षणभर टेकवा. खाली काळा कागद धरलात तर पिवळी भुकटी पडताना दिसेल.

आता पाण्याचं. रोप जोमात यावं आणि पहिला घोस धरावा, इथपर्यंत पाण्यात कंजुषी नको. पुढे मात्र हात आखडता घ्या. मुळांना पाणी ओढायला जरा कष्ट पडले की फळात पाणी कमी भरतं. साखर तेवढीच, ती कमी पाण्यात घट्ट होते. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात मचूळ पाण्यावर वाढवलेले चेरी टोमॅटो गोड लागतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. किंमतही मोजावी लागते: फळं लहान राहतात आणि वजन घटतं. विकण्यासाठी पिकवणाऱ्याला हे परवडेलच असं नाही. तोंडात टाकण्यासाठी पिकवणाऱ्याने खुशाल मोजावी.

फक्त पाण्याचा हा ताण द्यायचा तो बेताने आणि रोज सारखा. आठवडाभर कोरडं ठेवून एके दिवशी बादली ओतलीत, तर फळ आतून फुगतं, पिकत आलेली साल ताणली जात नाही आणि दुसऱ्या दिवशी निम्मा घोस तडकलेला दिसतो. ठिबक आणि पालापाचोळ्याचं आच्छादन असेल तर हा धोका बराच कमी होतो. खताच्या बाबतीत फुलं लागल्यावर नत्र कमी, पालाश जास्त, एवढं पाळलं तरी पुरे.

गोडी फक्त जिभेवर ठरत नाही, नाकातही ठरते. टोमॅटोच्या वासातली काही द्रव्यं अशी आहेत, की ती असली तर तेवढीच साखर जास्त गोड वाटते. फ्रिज घात करतो तो इथे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी पिकलेले टोमॅटो सात दिवस 5 अंशांवर ठेवून 2016 मध्ये निष्कर्ष मांडले: साखर आणि आम्लं जशीच्या तशी, वास मात्र बराच गेलेला. गारठ्याने तो वास घडवणारी जनुकंच मंदावतात, आणि फळ पुन्हा बाहेर काढलं तरी सगळा वास परतत नाही. तेव्हा रंग पुरता भरल्यावरच खुडा, फळाला देठ राहू द्या आणि टोपली ओट्यावरच ठेवा. देठ तुटला की तिथल्या खाचेतूनच फळ सगळ्यात लवकर सुकायला लागतं.