लोकल बोर्डाची शाळा ते जिल्हा परिषदेची शाळा: पैसा कुणाचा, कारभार कुणाचा

कोल्हापूरकडच्या गावात प्राथमिक शाळेच्या दारावर 'विद्यामंदिर' असे लिहिलेले दिसते. पश्चिम महाराष्ट्रात काही ठिकाणी अजून 'जीवन शिक्षण मंदिर' ही जुनी पाटी टिकून आहे. मराठवाड्यात गेलात तर दहावीपर्यंतच्या शाळेवर 'जिल्हा परिषद प्रशाला' अशी अक्षरे असतात. आणि ऐंशी ओलांडलेली माणसे या सगळ्यांना एकच नाव देतात, 'लोकल बोर्डाची शाळा'. पाटी कोणतीही असो, आज या शाळा राज्यातल्या ३४ जिल्हा परिषदा चालवतात, आणि अशा शाळांची संख्या ६० हजारांच्या आसपास आहे. शाळा बंद करण्याचा किंवा शिक्षक देण्याचा प्रश्न आला की गावकरी आधी जिल्हा परिषदेत जातात. तिथे त्यांना बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: हे आमच्या हातात नाही, शासनाकडून येते. हे उत्तर खोटे नसते. ते कसे तयार झाले हे समजायला दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

१८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवण्यात आली. सुरुवातीला ती सरकारी हुकमाने वसूल होत असे, १८६९ च्या कायद्याने तिला कायदेशीर आधार मिळाला. या पैशाला 'लोकल फंड' म्हणत. त्यातला एक तृतीयांश शाळांसाठी आणि उरलेला रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांसाठी. म्हणजे ज्या कुणब्याचा सारा (जमीनमहसूल) बारा रुपये होता, तो वर्षाला बारा आणे लोकल फंडात भरी आणि त्यातले चार आणे शाळेच्या नावाने जमा होत. खेड्यातली सरकारी शाळा उभी राहिली ती या चार आण्यांवर. त्या शाळेत त्याच कुणब्याचे पोर बसते की नाही, हा प्रश्न मात्र निराळा होता.

तो प्रश्न जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढच्या, निवेदनात मांडला. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाला होतो, हे त्यांनी सरकारच्याच तोंडावर सांगितले. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणीही त्याच निवेदनातली. शाळेच्या पैशाविषयी आपल्याकडे इतके थेट आधी कुणी बोलले असेल असे मला वाटत नाही. पट्टी भरणारा एक आणि शिकणारा दुसरा, हे त्यांनी हिशेबाच्या भाषेत मांडले, दयेच्या भाषेत नाही. म्हणून ते निवेदन आजही वाचावे असे आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव निघाला होता. त्याला धरून १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे कायद्याने स्थापन झाली आणि शाळा त्यांच्याकडे आल्या. पण आल्या त्या अर्ध्याच. पट्टीचा पैसा आणि खर्च बोर्डाकडे, तर शिकवायचे काय, तपासणी कुणी करायची, परीक्षा कशी घ्यायची हे सरकारच्या शिक्षण खात्याकडे. बोर्डाचा अध्यक्षही पुष्कळ वर्षे कलेक्टरच असे. शाळेला दोन धनी मिळाले, आणि ही दुहेरी मालकी पुढे कधीच पुरती संपली नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैशाचा प्रश्न सक्तीच्या शिक्षणाशी जोडला गेला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्ती लागू केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले, त्याची रचना मोठी विचारपूर्वक होती. सक्ती करायची की नाही ते स्थानिक संस्थेने ठरवायचे, आणि केली तर खर्चाचे दोन भाग सरकारने व एक भाग संस्थेने उचलायचा. १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. संस्थानिकाला मनात आणून जे करता आले, ते ब्रिटिश मुलखात दोन तृतीयांश खर्च कोण देणार या मुद्द्यावर अडले.

गोखल्यांचे ते प्रमाण पुढे मुंबई इलाख्यात आले. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण हे खाते लोकनियुक्त मंत्र्याकडे गेले आणि रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. प्रत्येक जिल्हा लोकल बोर्डाचे स्कूल बोर्ड वेगळे झाले. विस्ताराच्या मंजूर खर्चाचा दोन तृतीयांश वाटा जिल्हा बोर्डांना आणि निम्मा वाटा नगरपालिकांना सरकारने द्यायचा असे ठरले. शिक्षक नेमणे, बदलणे, शाळा उघडणे हे सगळे स्कूल बोर्डाच्या हाती आले. माझ्या मते गावाच्या शाळेवर स्थानिक लोकांचा सर्वांत जास्त अधिकार याच काळात होता, साधारण पंधरा वर्षे.

हा काळ नीट गेला नाही. विस्ताराच्या योजना मंजूर झाल्या आणि सरकारने पैसा नाही म्हणून थांबवल्या; पुढे जागतिक मंदीत होते तेही अनुदान कापले गेले. दुसरीकडे बदल्या. निवडणुकीत कुणाचे काम केले नाही म्हणून मास्तरची बदली तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, ही तक्रार तेव्हाचीच. 'फायनल', म्हणजे सातवीची परीक्षा, पास होऊन पोटापुरत्या पगारावर लागलेल्या प्राथमिक शिक्षकाला बोर्डाच्या सभासदाची मर्जी राखावी लागे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तपासणी पुन्हा सरकारकडे घेतली आणि बोर्डाचा कारभार पाहणारा प्रशासन अधिकारी सरकारी नोकर केला. शिक्षकांनी याचे स्वागत केले आणि ते समजण्यासारखेच होते. पण बोर्डातली खोड मोडण्यासाठी बोर्डाचा अधिकारच काढून घेतला गेला. तशी गरज नव्हती असे मी म्हणणार नाही. मात्र दुसरा कोणताही उपाय करून पाहिला गेला नाही, हे खरे.

१९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने पैशाचे गणितच बदलले. लोकल बोर्डाने आपल्या उत्पन्नातला ठरलेला वाटा द्यायचा आणि उरलेला सगळा खर्च सरकारने सोसायचा. हे का करावे लागले, याचे उत्तर साऱ्यात आहे. आपल्याकडे जमीनमहसुलाची आकारणी तीस-तीस वर्षांसाठी ठरत असे. पगार वाढले, शाळा वाढल्या, युद्धकाळात महागाई कित्येक पट झाली, पण सारा तिथेच राहिला आणि साऱ्यावरची पट्टीही तिथेच राहिली. शेतकऱ्याच्या चार आण्यांत शाळा चालण्याचे दिवस संपले. खर्चाचा भार सरकारवर गेला ही चांगलीच गोष्ट झाली, नाहीतर दुष्काळी तालुक्यातली शाळा कायम गरीब राहिली असती. अमेरिकेत स्कूल डिस्ट्रिक्ट आजही घरपट्टीसारख्या स्थानिक करावर बऱ्याच अंशी चालतात. त्यांना आपले निवडून आलेले मंडळ असते, स्वतःचा अधिकारी ते मंडळच नेमते, आणि श्रीमंत व गरीब वस्तीच्या शाळांत मोठी तफावतही पडते. तिकडे स्थायिक झालेले आपले लोक घर घेताना आधी शाळा पाहतात ते याचमुळे. आपण ती तफावत टाळली, पण त्या बदल्यात गावाकडे शाळेच्या खर्चाविषयी बोलण्यासारखे फारसे उरले नाही.

महाराष्ट्र झाला तेव्हा तीन वेगळ्या घरांतून आलेल्या शाळा एका छपराखाली आल्या. पश्चिम महाराष्ट्रात स्कूल बोर्डे होती. विदर्भात १९४८ च्या कायद्याने आलेल्या जनपद सभा, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्था, होत्या. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीपासून शाळा थेट सरकारी खात्याच्या, त्यात माध्यमिकही. त्या सरकारी माध्यमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या, म्हणून 'प्रशाला' ही पाटी आजही मराठवाड्यात भेटते, आणि पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटले की खासगी संस्थेचेच डोळ्यांपुढे येते.

वसंतराव नाईक समितीचा अहवाल मार्च १९६१ मध्ये आला आणि त्यावर आधारलेला जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा १ मे १९६२ पासून अमलात आला. इतर राज्यांपेक्षा आपला कायदा धीट होता. खरी सत्ता जिल्ह्याच्या पातळीवर, कलेक्टर बाहेर, आमदार-खासदारही बाहेर. स्कूल बोर्डे जिल्हा परिषदेत विरघळली. त्यांच्या जागी शिक्षण समिती आणि तिचा सभापती आला, शिक्षणाधिकारी आला, तालुक्याला आजच्या भाषेत गटशिक्षणाधिकारी आणि विस्तार अधिकारी. प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचा नोकर झाला. साठ-सत्तरच्या दशकांत वाड्यावस्त्यांवर मारुतीच्या देवळात, चावडीत, कुणाच्या ओसरीवर ज्या शाळा सुरू झाल्या त्या या रचनेतून. गावाने जागा द्यायची, श्रमदान करायचे, आणि शिक्षक जिल्हा परिषदेने पाठवायचा.

पगार मात्र राज्याच्या तिजोरीतून. १९६२ च्या कायद्यात जमीनमहसुलावरचा उपकर आहे, पण शिक्षणाच्या खर्चापुढे त्याची रक्कम किरकोळ. मुख्य आधार 'सहेतुक अनुदाना'चा, म्हणजे ज्या कामासाठी दिले त्याच कामासाठी खर्चायचे अनुदान. जिल्हा परिषदेला ते इकडचे तिकडे करता येत नाही. त्याच वर्षी शहरांतल्या इमारतींवर राज्याचा शिक्षण कर बसला. तो आजही मालमत्ता कराच्या बिलात असतो, महापालिका वसूल करते आणि राज्याकडे भरते. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र जिल्हा शाळा मंडळ असावे अशी शिफारस केली होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले, आपल्या स्कूल बोर्डांचा इतिहास त्यांनीच लिहून काढलेला. तरीही महाराष्ट्राने ती शिफारस घेतली नाही.

पुढची दोन वळणे परस्परविरुद्ध दिशांची आहेत. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत प्राथमिक आणि माध्यमिक शाळा पंचायतींच्या विषयांत घातल्या. कागदावर सत्ता खाली आली. प्रत्यक्षात २००१ च्या सुमारास सर्व शिक्षा अभियान आले आणि त्याचा पैसा वेगळ्या वाटेने वाहू लागला: दिल्लीहून मुंबईतल्या प्राथमिक शिक्षण परिषदेकडे आणि तिथून जिल्ह्यात. वर्गखोल्या, गणवेश, प्रशिक्षणे यातून झाली, खूप झाली. पण जिल्हा परिषदेच्या सभागृहात त्या पैशावर चर्चा होऊन काही बदलावे असे फारसे नव्हते. केंद्राचा वाटा आधी ८५ टक्के होता, तो उतरत उतरत ६० वर आला. २०१८ पासून हेच 'समग्र शिक्षा' या नावाने चालते. नव्या खोल्यांसाठी दुसरी वाट जिल्हा नियोजन समितीची, तिचे अध्यक्ष पालकमंत्री.

बदल्यांचे तर १९३८ चेच पुन्हा घडले. मे महिना आला की जिल्हा परिषदेत बदल्यांचा बाजार भरतो हे सगळ्यांना ठाऊक होते. २०१७ पासून बदल्या राज्याच्या संगणक प्रणालीतून होऊ लागल्या, भरतीही 'पवित्र' पोर्टलवर गेली, पगार 'शालार्थ' प्रणालीतून निघतात. दुर्गम शाळेवर अडकलेल्या कित्येक शिक्षकांना पहिल्यांदा न्याय मिळाला. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीकडे मात्र ठराव करण्यापलीकडे थोडेच राहिले. मार्च २०२२ मध्ये बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्यामुळे पुढे तीन वर्षांहून अधिक काळ मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक राहिले. तेव्हा ती समितीही नव्हती.

आज एखाद्या शाळेला किती शिक्षक मिळणार हे ३० सप्टेंबरच्या पटावरून होणाऱ्या संचमान्यतेत ठरते. दैनंदिन खर्चासाठी संयुक्त शाळा अनुदान येते, तेही पटावर: ३० मुलांपर्यंत वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार. खडू, फळ्याचा रंग, नळाची तोटी, शौचालयाची सफाई, विजेचे बिल सगळे त्यातच बसवायचे. बसत नाही तेव्हा मुख्याध्यापक खिशात हात घालतात किंवा लोकवर्गणी होते. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर गावोगावी वर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर, रंगरंगोटी झाली. गावाने आनंदाने दिले. तरी साऱ्यावरची पट्टी हा हक्काचा पैसा होता, तिचा हिशेब कायद्याने मागता येत असे, आणि वर्गणी ज्या गावात कर्ता शिक्षक असेल तिथेच उभी राहते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात एक तरतूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात हे बहुतेकांना माहीत असते. त्याच्याच पुढच्या, २२ व्या कलमात म्हटले आहे की समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि शासनाची किंवा स्थानिक प्राधिकरणाची अनुदाने त्या आराखड्याच्या आधारावर ठरायची. म्हणजे पालकांनी आधी गरज लिहायची, पैसा नंतर. अनुदानाचे पटानुसार ठरलेले टप्पे पाहिले की क्रम उलटा चालतो हे दिसते. आपल्या गावच्या शाळेच्या कपाटात तो आराखडा असतो. समितीच्या पुढच्या बैठकीत तो बाहेर काढायला सांगा, वाचा, आणि त्यात मागितलेल्यापैकी काय आले ते इतिवृत्तात लिहायला लावा.