बेकारी भत्ता वेळेवर मिळतो का हे अमेरिकेत कसं मोजायला लागले, त्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत नोकरी गेली की काही महिने सरकार पैसे देतं, एवढं आपल्याकडे बऱ्याच जणांना ऐकून माहिती असतं. पण ते पैसे वॉशिंग्टनहून येत नाहीत, प्रत्येक राज्याचं आपापलं खातं ते देतं, आणि त्या खात्याचं काम नीट चाललंय का हे बघायची जबाबदारी केंद्राच्या श्रम खात्याची. हे "बघणं" कसं सुरू झालं ते मला समजून घ्यावंसं वाटलं, कारण वाचत गेलं की लक्षात येतं, यातली जवळपास प्रत्येक मोजपट्टी आधी कुणाचं तरी नुकसान झालं म्हणून आलीये.

पहिला कायदा विस्कॉन्सिन राज्याचा, १९३२ चा, महामंदीच्या ऐन मधल्या काळातला. मग १९३५ मधे रूझवेल्टनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली, त्यात फ्रान्सिस पर्किन्स या श्रममंत्री बाईंचा मोठा वाटा होता. त्यांनी युक्ती अशी केली की केंद्राने मालकांवर पगारापोटी कर लावायचा, पण राज्याने स्वतःची मान्य होईल अशी योजना काढली तर त्या मालकांना त्यातला ९० टक्के माफ. झालं, १९३७ पर्यंत एकूण एक राज्याने कायदा केला. ऑफिस चालवायचा खर्चही केंद्र देणार, पण अट एक, राज्याची कामाची पद्धत अशी हवी की हक्काचे पैसे पूर्ण आणि देय होतील तेव्हा मिळतील. आता "देय होतील तेव्हा" म्हणजे नक्की कधी? पुढची पस्तीसेक वर्षं या दोन-तीन शब्दांचा अर्थ कुणी पक्का केलाच नाही.

तो पक्का झाला कॅलिफोर्नियातल्या जुडिथ जावा नावाच्या बाईंच्या केसमुळे. त्यांची नोकरी गेली, त्यांनी अर्ज केला, खात्याने चौकशी करून त्यांना पात्र ठरवलं आणि पैसे सुरूही झाले, पण मालकाने अपील केलं आणि कॅलिफोर्नियाचा नियमच असा होता की मालकाने अपील केलं की निकाल लागेपर्यंत पैसे बंद. अशी थांबण्याची मुदत साधारण सात आठवडे. सात आठवडे घरभाडं, किराणा, सगळं कशावर चालवायचं? १९७१ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे चालणार नाही, देय म्हणजे प्रशासनाला जितक्या लवकर देणं शक्य आहे तितक्या लवकर. एकदा पात्र ठरवलं की मालकाच्या अपिलावरून पैसे अडवायचे नाहीत.

त्यानंतर मग आकडे आले. सुरुवातीचा एक आठवडा बिनपैशाचा ठेवणाऱ्या राज्यांनी पहिला हप्ता ८७ टक्के लोकांना १४ दिवसांत द्यायचा, बाकीच्या राज्यांनी २१ दिवसांत. अपिलांपैकी ६० टक्के ३० दिवसांत निकाली काढायची आणि ८० टक्के ४५ दिवसांत. आपल्या रोहयोच्या कायद्यातही १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे मुदत लिहिण्यात आपण मागे नाही, पण तिथे राज्याने किती टक्के मुदतीत दिलं हा आकडा नेमाने गोळा होतो आणि कुणालाही उघडून बघता येतो, हे मला खरंच मोलाचं वाटतं.

दुसरी मोजपट्टी वेगळ्या काळजीतून आली. ७० च्या दशकाच्या शेवटी एका राष्ट्रीय आयोगासाठी ॲरिझोनाच्या संशोधकांनी काही शहरांतल्या केसेस खोलात जाऊन तपासल्या, तेव्हा राज्यं जेवढे जादा पैसे गेल्याचं कळवत होती त्यापेक्षा खूपच जास्त जात होते असं निघालं. त्यातून ८० च्या दशकात आधी पाच राज्यांत रँडम ऑडिट सुरू झालं आणि १९८७ पासून ते सगळीकडे सक्तीचं झालं, आज त्याला लाभ अचूकता मापन म्हणतात. ते चालतं कसं बघा: दर आठवड्याला कॉम्प्युटर काही केसेस चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलतो, मोठ्या राज्यात वर्षाला ४८०, छोट्यात ३६०. तपासनीस मग त्या माणसाच्या एकाच आठवड्याच्या पैशाच्या मागे लागतो, त्याच्याशी बोलतो, जुन्या मालकाकडून पगाराचा हिशोब आणि नोकरी का गेली ते विचारून घेतो, त्या आठवड्यात कुठे काम शोधलं म्हणाला होता तिथेही चौकशी करतो. एका चेकसाठी एवढं काम.

पण हे सगळं पैसे दिलेल्या केसेसचं. ज्यांना नकार दिला त्यांचा नकार बरोबर होता का हे सगळीकडे नियमित तपासायला २००१ उजाडावं लागलं! चौदा वर्षांचा फरक आहे हा, आणि माझ्या मते पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यातूनच आल्या. जादा गेलेले पैसे १० टक्क्यांच्या खाली ठेवा असा दट्ट्या राज्यांच्या मागे कायम असतो, चुकून उपाशी ठेवलेल्या माणसासाठी तेवढा जोर कधी लागला नाही.

मिशिगनमधे याचं टोक गाठलं गेलं. २०१३ च्या ऑक्टोबरात तिथे मिडास नावाची सिस्टिम आली, फ्रॉड स्वतःच शोधणारी. एखाद्याने तिमाहीत पहिले पाच-सहा आठवडे काम केलं, मग नोकरी गेली आणि भत्ता सुरू झाला, तर ही सिस्टिम त्याची कमाई तेराही आठवड्यांवर सारखी पसरवायची आणि म्हणायची, अरे हा तर भत्ता घेताना कमावत होता. मग प्रश्नावली जायची ऑनलाइन अकाउंटवर, जे त्या माणसाने भत्ता संपल्यावर उघडलेलंही नसायचं, आणि १० दिवसांत उत्तर नाही आलं की फ्रॉड ठरला. घेतलेले पैसे परत, वर चौपट दंड, टॅक्स रिफंड जप्त, पगारातून कापणी. दोन वर्षांत जवळपास ४० हजार लोकांवर हा शिक्का बसला, आणि नंतर राज्यानेच बावीस हजारांहून जास्त केसेस पुन्हा तपासल्या तेव्हा ९३ टक्के चुकीच्या निघाल्या. लोक कोर्टात गेले, २ कोटी डॉलरच्या तडजोडीला येईपर्यंत २०२२ उजाडलं. तोवर काहींनी दिवाळखोरी जाहीर केली होती, ती कुठल्या तडजोडीने भरून येणार.

२०२० चं तर सगळ्यांना आठवत असेल. आधी आठवड्याला दोन लाखांच्या आसपास नवे अर्ज यायचे, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ६० लाखांच्या वर आले. कित्येक राज्यांच्या सिस्टिम कोबोल या जुन्या कॉम्प्युटर भाषेत लिहिलेल्या, न्यू जर्सीच्या गव्हर्नरनी तर कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर आवाहन केलं. ८७ टक्क्यांची अट कोलमडली, लोक महिनोन्महिने फोन लावत बसले, आणि त्याच वेळी फसवणुकीतून १०० ते १३५ अब्ज डॉलर गेले असा अंदाज अमेरिकन संसदेच्या ऑडिट खात्याने नंतर दिला. म्हणजे खऱ्या माणसाला उशीर आणि खोट्याला चेक, दोन्ही एकदम. २०२२ मधे या ऑडिट खात्याने बेरोजगारी विमा, म्हणजे हीच भत्त्याची योजना, धोक्यात असलेल्या सरकारी योजनांच्या यादीत टाकली.

एक गोष्ट मात्र अजून तशीच आहे. एकूण बेकारांपैकी किती जणांपर्यंत हा भत्ता पोचतो? ५० च्या दशकात निम्म्याच्या आसपास, गेल्या दशकात ३० टक्क्यांच्याही खाली. काही जण बसतच नाहीत नियमात, काही अर्जाची कटकट बघून नाद सोडतात. आपले पुण्या-मुंबईचे एच-वन-बी वाले पण यातच धरा, त्यांच्या पगारावर कंपनी हा कर भरत असते पण नोकरी गेली की दुसरीकडे लगेच कामाला लागायला मोकळे नाहीत या कारणाने भत्ता बहुतेक वेळा मिळत नाही, आणि ६० दिवसांत नवी नोकरी नाही मिळाली तर सामान आवरायचं. हा पोचण्याचा आकडा श्रम खातं दर तिमाहीला छापतं, पण ८७ टक्क्यांसारखी किमान अट त्याला आजही लावलेली नाही.