अँटिलोप: एकोणचाळीस माणसांचं ‘शहर’

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या अँटिलोपमध्ये १९८० च्या जनगणनेत ३९ माणसं होती. आपल्याकडे याला वाडीही कुणी म्हणणार नाही, पण ओरेगॉनच्या कायद्याने ते शहर होतं. महापौर, निवडून आलेली कौन्सिल, कर बसवायचा अधिकार, सगळं काही होतं. पुढचं महाभारत याच अधिकारावरून झालं.

गाव वसलं ते वाटेवरचा थांबा म्हणून. १८६२ मध्ये कॅनियन सिटीकडे सोनं सापडलं आणि कोलंबिया नदीकाठच्या द डॅल्सहून तिकडे खेचरांचे तांडे आणि घोडागाड्या सुरू झाल्या. त्या रस्त्यावर घोडे बदलायचा हा मुक्काम होता. १८७१ मध्ये पोस्ट आलं. १८९८ च्या आगीत बाजारपेठ जळाली, आणि १९०० मध्ये रेल्वे आली ती शेजारच्या शानिकोला. लोकरीचा व्यापार तिकडे सरकला. १९०१ मध्ये अँटिलोपला शहराचा दर्जा मिळाला खरा, पण भरभराट तोवर ओसरू लागली होती. पुढे उरले गुरं पाळणारे, पेन्शनीत निघालेले म्हातारे, एक शाळा, एक चर्च, एक कॅफे.

१९८१ मध्ये भगवान रजनीश पुण्याचं कोरेगाव पार्क सोडून अमेरिकेत गेले. शिष्यांनी अँटिलोपपासून तीसेक किलोमीटरवरचं ‘बिग मडी’ हे सुमारे ६४,००० एकरांचं रँच ५७.५ लाख डॉलरना घेतलं. तिथे रजनीशपुरम उभं राहू लागलं. ही जमीन होती शेतीची. ओरेगॉनने १९७३ मध्येच जमीनवापराचा कडक कायदा केला होता, त्यामुळे अशा जमिनीवर ऑफिसं, छापखाना चालवायला अडचण होती. असले उद्योग शहराच्या हद्दीत करा, असा आक्षेप आला. जवळचं शहर कोणतं? अँटिलोप! ही गोष्ट धर्माच्या भांडणाची म्हणून सांगतात. मला मात्र तिचं मूळ या सातबाराछाप तंट्यात दिसतं.

संन्याशांनी, म्हणजे रजनीशांच्या या शिष्यांनी, गावात घरं विकत घेतली आणि मतदार म्हणून नावं नोंदवली. गावकरी हबकले. त्यांनी तोडगा काढला तो अजबच: शहराचा दर्जाच रद्द करून टाकायचा, म्हणजे ताब्यात घ्यायला काही उरणारच नाही. एप्रिल १९८२ मध्ये मतदान झालं. दर्जा रद्द करा म्हणणारे ४२, नको म्हणणारे ५५. तोवर पारडं फिरलं होतं. त्याच वर्षाअखेर कौन्सिलही संन्याशांच्या हातात गेली. कॅफेचं नाव ‘झोर्बा द बुद्ध’ झालं, आणि १९८४ मध्ये गावाचंच नाव ‘रजनीश’! यात बेकायदा फारसं काही नव्हतं, हेच गावकऱ्यांना जास्त झोंबलं. बेकायदा प्रकार घडला तो द डॅल्समध्ये. १९८४ मध्ये काही संन्याशांनी तिथल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले आणि ७५१ जण आजारी पडले.

१९८५ च्या शरद ऋतूत रजनीशांच्या सचिव मा आनंद शीला पळाल्या, रजनीशांना अटक झाली आणि रजनीशपुरम मोडलं. त्याच नोव्हेंबरात गावाचं जुनं नाव परत आणण्यासाठी मतदान झालं. बाजूने ३४, विरोधात शून्य. त्या ३४ मध्ये मागे राहिलेले संन्यासीही होते. पोस्टाजवळच्या ध्वजस्तंभाखाली आज एक पाटी आहे. तीत मात्र त्या चार वर्षांना सरळ ‘आक्रमण’ म्हटलं आहे.