मायक्रोग्रिड : खर्च आणि कार्बन यांचा मेळ

वसाहत, रुग्णालय, कारखाना किंवा बेट यांची वीज जागच्या जागी तयार करून तिथेच वापरणारे आणि वेळ पडल्यास मुख्य ग्रिडपासून सुटे होऊन चालणारे छोटे वीजजाळे म्हणजे मायक्रोग्रिड. सौर पॅनेल, पवनचक्की, जनरेटर, बॅटरी यांपैकी कोणी किती भार उचलायचा, हे त्याचा कंट्रोलर साधारणतः दर १५ मिनिटांनी किंवा तासाने ठरवतो. निकष पैशाचा असेल तर सर्वांत स्वस्त वाटणी निवडली जाते. कार्बन डायऑक्साइडही मोजायचा ठरला की उत्तर बदलू शकते.

ऊन आणि वारा यांबाबत वाद नाही. त्यांना इंधनच लागत नाही. पेच उरलेल्या भाराचा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरमागे तीन-साडेतीन युनिट मिळाली, तर युनिटमागे ७७० ते ९०० ग्रॅम. मुख्य ग्रिडवरून येणारी कोळशाची वीजही युनिटमागे एक किलोच्या आसपास जाते, पण ती बहुधा डिझेलपेक्षा बरीच स्वस्त पडते. म्हणजे स्वस्त पर्याय थोडा अधिक काळा.

बॅटरीला सरसकट ‘हिरवी’ म्हणणे घाईचे आहे. लिथियम-आयन बॅटरीत १०० युनिट भरली तर साधारण ८५ ते ९० परत मिळतात. रात्रीच्या स्वस्त दरात भरलेली वीज कोळशाची असेल आणि तिने संध्याकाळी गॅसवरची वीज वाचवली, तर बिल उतरते आणि उत्सर्जन चढते. म्हणून ग्रिडच्या सरासरी उत्सर्जनापेक्षा त्या घटकेला वाढीव युनिट कोणत्या केंद्रातून येते, ते पाहावे लागते. ते शोधणे कठीण असल्याने अनेक ठिकाणी सरासरीवरच भागवतात आणि हिशोब तिथेच चुकतो.

डिझेल जनरेटर ३० टक्क्यांपेक्षा कमी भारावर फार वेळ चालवत नाहीत. युनिटमागे इंधन जास्त लागते, शिवाय अर्धवट जळलेले डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. ढगाळ दिवशी तो केवळ राखीव म्हणून चालू ठेवला, तर त्याला किमान भार देण्यासाठी कधीकधी सौर वीज सोडून द्यावी लागते. राखीव क्षमता बॅटरीने पुरवली की जनरेटर बंद करता येतो. इथे डिझेल आणि धूर दोन्ही एकदम वाचतात.

मेळ घालण्याच्या रीती मुख्यतः दोन. कार्बनला किलोमागे किंमत लावून ती खर्चात मिळवायची, किंवा उत्सर्जनाला मर्यादा घालून तिच्या आत सर्वांत स्वस्त वाटणी शोधायची. किंमत किंवा मर्यादा बदलत गणित पुन्हापुन्हा सोडवले की इटालियन अर्थतज्ज्ञ व्हिल्फ्रेदो पारेतो यांच्या नावाने ओळखली जाणारी वक्ररेषा मिळते. तिच्यावरच्या कोणत्याही बिंदूपासून खर्च वाढवल्याशिवाय उत्सर्जन घटत नाही. सुरुवातीची घट बहुधा थोड्या खर्चात मिळते, शेवटची फार महाग पडते. त्यातला कोणता बिंदू घ्यायचा, हे मात्र गणित सांगत नाही.

प्रत्यक्षात ही आखणी उन्हाच्या आणि मागणीच्या अंदाजावर बेतलेली असते आणि नवा अंदाज आला की पुन्हा केली जाते. तिच्यात बॅटरीची झीज खर्च म्हणून धरली नाही, तर कंट्रोलर किरकोळ फायद्यासाठी बॅटरी दिवसभर भरत-रिकामी करत बसतो.