सुकलेली फुले वेळेवर काढा, बहर टिकवा

रोप नेले तेव्हा फुलांनी भरलेले होते, पण घरी पहिला बहर ओसरला आणि पुढे फुलेच येईनात, असे अनेक ग्राहक आम्हांला सांगतात. अशा वेळी खताचा डोस वाढवण्याआधी सुकलेली फुले झाडावर तशीच राहिली आहेत का, हे पाहावे.

परागीभवन झाले की रोपाचे अन्न बी भरण्याकडे वळते. झेंडू, झिनिया, पिटुनिया यांसारख्या हंगामी रोपांचे तर बी तयार झाले की काम संपत आल्यासारखे असते. बी धरण्यापूर्वीच फूल काढले, तर ते अन्न नव्या फुटव्यांना आणि कळ्यांना मिळते, शिवाय शेंडा कापला गेल्यामुळे खालच्या पानांच्या बेचक्यांतील डोळे, म्हणजे नव्या फुटीचे अंकुर, जागे होतात.

म्हणून नुसत्या पाकळ्या ओढून काढणे पुरेसे नाही. पिटुनियाची मऊ पडलेली पाकळी हातात सहज येते, पण बीजकोश हिरव्या निदलांत मागेच राहतो. तो देठासह खुडावा. झेंडूच्या फुलाखालचा फुगीर हिरवा भागही असाच काढावा लागतो.

गुलाबाला मात्र हाताने मोडू नये, सिकेटर (छाटणीची कात्री) वापरावे. कोमेजलेल्या फुलापासून खाली येत पाच पर्णिकांचे (एकाच देठावरच्या छोट्या पानांचे) पहिले सुदृढ पान शोधावे आणि त्याच्या बेचक्यातील डोळा झाडाच्या बाहेरच्या बाजूला असेल, तर त्याच्या सुमारे अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप द्यावा. डोळा आत वळलेला असेल, तर एक पान खाली जावे, म्हणजे नवी फांदी झाडाच्या मध्यभागी गर्दी करणार नाही. नव्याने लावलेल्या गुलाबाची पाने आधीच थोडी असतात. त्यांचे फक्त फूल आणि छोटा देठ काढावा. आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरात, करतात ती मोठी छाटणी वेगळी, तिची जागा हे काम घेत नाही. काळे ठिपके पडलेल्या झाडावर वापरलेले सिकेटर दुसऱ्या झाडाला लावण्यापूर्वी स्पिरिटने पुसावे.

पावसाळ्यात हे काम अधिक नेमाने करावे, कारण भिजून कुजणाऱ्या पाकळ्यांवर बुरशी धरते आणि ती शेजारच्या कळ्यांपर्यंत पोहोचते. जास्वंद आणि सदाफुली यांची फुले आपोआप गळतात. तिथे कुंडीतील केर उचलला तरी पुरते. शेवंतीचा बहर मात्र दिवस लहान होण्यावर अवलंबून असल्याने फुले खुडून तो फार लांबत नाही. बहर संपल्यावर तिच्या फांद्या खालपर्यंत छाटाव्यात आणि बुंध्यातून येणारे फुटवे पुढच्या लागवडीसाठी जपावेत.

बी राखायचे असल्यास हंगामाच्या अखेरीस दोन-चार चांगली फुले झाडावरच वाळू द्यावीत आणि पूर्ण कोरडे झालेले बी कागदी पुडीत ठेवावे. संकरित जातीच्या बियांपासून आलेली रोपे मूळ रोपासारखीच निघतील असे नाही, म्हणून रोप घेतानाच ते संकरित आहे का, हे आमच्याकडे अवश्य विचारावे.